प्रमाण, प्रक्षिप्त आणि चाहता : ‘बफी’च्या चित्रकथारूप आठव्या पर्वाचे वाचन

संपलेली कथा पुढे चालवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न तौलनिक साहित्याभ्यासाला नवा नाही. महाभारताला ‘हरिवंश’ हे खिल म्हणून जोडले गेले. भवभूतीने ‘उत्तररामचरिता’त उत्तरकांडाचा शेवट बदलून राम आणि सीता यांचे पुनर्मीलन घडवले. अशा प्रत्येक वेळी श्रोत्याने किंवा वाचकाने नव्या संहितेला कोठेतरी स्थान दिलेले असते. हे स्थान देण्याची क्रिया मात्र प्राचीन वाङ्मयाच्या बाबतीत आपल्याला केवळ परिणामावरून ओळखावी लागते. दूरचित्रवाणी मालिकांच्या चित्रकथारूप पुढच्या भागांमध्ये ती प्रत्यक्ष घडताना दिसते. प्रस्तुत लेखात ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ या अमेरिकन मालिकेच्या आठव्या पर्वाच्या आधारे या क्रियेचे स्वरूप तपासावयाचे आहे.

जॉस व्हेडन यांनी निर्माण केलेली ही मालिका १९९७ ते २००३ या काळात सात पर्वांत आणि १४४ भागांत प्रक्षेपित झाली. कॅलिफोर्नियातील सनीडेल या काल्पनिक गावातील बफी समर्स ही शाळकरी मुलगी रक्तपिपासू पिशाचांचा संहार करण्यासाठी निवडली गेलेली आहे. एका पिढीत अशी एकच मुलगी असते. अखेरच्या भागात बफी आणि विलो हा नियमच मोडतात. एकटीचे सामर्थ्य जगभरातील सर्व संभाव्य मुलींना मिळते आणि सनीडेल भूमिगत होते. कथेचे सूत्र येथे पूर्ण झाले होते.

डार्क हॉर्स या प्रकाशनसंस्थेने मार्च २००७ पासून जानेवारी २०११ पर्यंत ४० अंकांची चित्रकथा प्रसिद्ध केली आणि तिला ‘आठवे पर्व’ असे नाव दिले. याच संस्थेने १९९८ पासून बफीच्या चित्रकथा काढल्या होत्या. मात्र मालिका चालू असताना निघालेल्या त्या कथांना चाहते सामान्यतः मूळ कथेचा भाग मानत नसत. नव्या अंकांचे तसे नव्हते. पहिले कथानक स्वतः व्हेडन यांनी लिहिले आणि संपूर्ण पर्वाची सूत्रे त्यांच्याकडे होती. मालिकेच्या लेखकवर्गातील ड्र्यू गॉडर्ड आणि जेन एस्पेन्सन यांनीही काही कथानके लिहिली. ‘पर्व’ हा क्रमवाचक शब्दच येथे दावा करतो की ही जोड नसून पुढचा भाग आहे. २००८ साली या चित्रकथेला उत्कृष्ट नव्या मालिकेसाठीचा आयस्नर पुरस्कार मिळाला.

पाठचिकित्सेच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे बाह्य पुरावा निर्विवाद होता : कर्ता तोच, पात्रे तीच, अधिकार कायदेशीर. असे असूनही चाहत्यांच्या प्रतिक्रियांमध्ये ‘हे खरे आहे का?’ हा प्रश्न सतत उमटत राहिला. तो आंतरिक पुराव्याचा प्रश्न होता. या दोन पुराव्यांत पडलेले अंतर हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

चाहत्याची पहिली प्रतिक्रिया कानाची असते. बफीचे संवाद वाचताना त्याला सारा मिशेल गेलर यांचा स्वर ऐकू येतो की नाही, यावर त्याची पहिली संमती अवलंबून राहते. व्हेडन यांच्या आरंभीच्या अंकांत तो स्वर ऐकू येतो. वाक्य मध्येच वळवण्याची, भीती विनोदात दडवण्याची बफीची लकब तेथे जशीच्या तशी आहे. चित्रकथेत आवाज नसतो. तो वाचक पुरवतो. सात वर्षांच्या श्रवणाची पुंजी जवळ असलेला चाहता हे अंक एका अर्थी स्वतःच ‘सादर’ करीत असतो. त्यामुळे एखादे वाक्य खटकले, तर चूक लेखकाची असली तरी बेसूर त्याच्याच मनात उमटतो. त्याच्या रागातील व्यक्तिगत धार यातून येते.

दुसरी प्रतिक्रिया स्मृतीची. सातव्या पर्वातील आद्य दुष्टशक्ती केवळ मृत व्यक्तींचेच रूप घेऊ शकते आणि तिने वॉरेनचे रूप घेतले होते; अर्थात वॉरेन मृत होता. आठव्या पर्वात तोच वॉरेन जिवंत अवतरतो. ही विसंगती चाहत्यांनी तत्काळ हेरली. हस्तलिखितांतील पाठभेद टिपणारा संपादक आणि हा चाहता यांच्या दृष्टीत जातीचा फरक नाही. फरक हेतूचा आहे. संपादकाला मूळ पाठ निश्चित करावयाचा असतो. चाहत्याला आपण ज्या जगात वावरलो ते अभंग आहे की नाही, हे जाणून घ्यावयाचे असते.

तिसरी प्रतिक्रिया प्रमाणाची, म्हणजे आकारमानाची. दूरचित्रवाणीवर पैशाची मर्यादा होती. कागदावर ती उरली नाही. त्यामुळे स्कॉटलंडमधील किल्ला, सुमारे १,८०० निवडलेल्या मुली, राक्षसी उंचीची झालेली धाकटी बहीण डॉन, टोकियो, तिबेट असा विस्तार झाला. मालिकेची शक्ती मात्र नेमकी संकोचात होती : शाळेचे ग्रंथालय, घराचा ओटा, चार मित्र. त्या काटकसरीतूनच पिशाच हे पौगंडावस्थेचे रूपक बनले होते. रूपकाला घर लागते. घर गेले की पिशाच फक्त पिशाच उरते. ‘सगळे फार मोठे झाले’ ही चाहत्यांची तक्रार वरवर साधी आहे. तिच्यात माध्यम आणि अर्थ यांच्या संबंधाची अचूक जाण आहे.

या सर्व प्रतिक्रिया पर्वाच्या अखेरीस एका बिंदूवर एकत्र येतात. ‘ट्वायलाइट’ नावाचा मुखवटाधारी शत्रू म्हणजे बफीचा एकेकाळचा प्रियकर एंजल, असे उघड होते. ३९व्या अंकात परक्या शक्तीने ग्रासलेला एंजल रुपर्ट जाइल्सची मान मोडून त्याला ठार करतो. जाइल्स हा बफीचा गुरू आणि जवळजवळ पिता. १९९८ साली मालिकेच्या दुसऱ्या पर्वात आत्मा गमावलेल्या एंजलने जाइल्सच्या प्रेयसीला, जेनी कॅलेंडरला, अशाच रीतीने मारले होते. चाहत्याला हा प्रतिध्वनी ऐकू येतोच. तो रचनेचे सौष्ठव आहे की केवळ क्रौर्याची पुनरुक्ती, याविषयी मात्र एकमत होणे कठीण.

येथे माध्यमाचा भेद निर्णायक ठरतो. २००१ साली ‘द बॉडी’ या भागात बफीच्या आईचा मृत्यू पार्श्वसंगीताविना दाखवला गेला. ती शांतता प्रेक्षकाला सोसावीच लागे. काळ दिग्दर्शकाच्या हाती होता. चित्रकथेत काळ वाचकाच्या हाती असतो. जाइल्सचा मृत्यू ज्या चौकटीत आहे तिच्यावर नजर किती वेळ ठेवायची, हे वाचक ठरवतो आणि पान उलटणे त्याला शक्य असते. काहींनी ते शब्दशः केले. त्यांच्या लेखी जाइल्स जिवंतच राहिला, कारण त्याचा मृत्यू त्यांच्या काळात घडला नाही.

असा नकार बालिश म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु भवभूतीच्या नाटकाचा प्रेक्षकही सीतेचे धरणीप्रवेशाचे दुःख जाणूनच पुनर्मीलन स्वीकारीत असे. आपल्या कथापरंपरेत दोन शेवट एकमेकांना खोटे पाडत नाहीत. दोन्ही सांगण्याच्या रीती असतात. मालिकेचा चाहता मात्र एकच सलग कालरेषा मानणाऱ्या आधुनिक कथाविश्वात वाढलेला आहे. तेथे नवा भाग स्वीकारणे म्हणजे जुन्या शेवटाची शांतता गमावणे होय. त्याचा नकार किंवा त्याची अनिच्छेची संमती, दोन्हींची किंमत त्यामुळे अधिक असते.

ही प्रतिक्रिया एकतर्फी नव्हती. अंकांच्या शेवटी वाचकांच्या पत्रांचे सदर असे. ४०व्या अंकातील निवेदनात व्हेडन यांनी आकारमानाच्या मोहाविषयी कबुली दिली आणि पुढील पर्व पुन्हा माणसांकडे वळेल असे सांगितले. २०११ ते २०१३ या काळातील नववे पर्व खरोखरच सॅन फ्रान्सिस्कोतील भाड्याच्या घरात, नोकरी करणाऱ्या बफीपाशी येते. त्याच सुमारास ‘एंजल अँड फेथ’ या सहचित्रकथेत जाइल्सला पुन्हा जिवंत केले जाते, पण बारा वर्षांच्या मुलाच्या देहात. मृत्यू रद्द होतो; हानी मात्र राहते.

अधिकृततेचा बाह्य पुरावा किती ठिसूळ असतो, याचे दुसरे उदाहरण ‘द एक्स-फाइल्स’चे आहे. आयडीडब्ल्यू या संस्थेने २०१३ पासून मूळ निर्माते क्रिस कार्टर यांच्या सहभागाने त्या मालिकेचे चित्रकथारूप ‘दहावे पर्व’ काढले. २०१६ साली मालिका दूरचित्रवाणीवर परतली, तेव्हा तिने त्या चित्रकथांची दखल न घेता स्वतःचे दहावे पर्व सुरू केले. एकाच क्रमांकाची दोन पर्वे उभी राहिली आणि पहिले अनायासे प्रक्षिप्त ठरले. ज्या वाचकाने ते केवळ अधिकृत म्हणून स्वीकारले होते त्याच्या हाती काहीच उरले नाही. ज्याला त्यात मल्डर आणि स्कली यांचा स्वर सापडला होता त्याचे काही गेले नाही.

यावरून एक निष्कर्ष काढता येतो. प्रामाण्य हे कर्त्याने एकदा बहाल केलेले पद नसते. श्रवण, स्मृती आणि प्रमाणबुद्धी यांच्या कसोटीवर वाचक ते भागाभागाने देतो, रोखून धरतो आणि कधी परत घेतो. प्राचीन संहितांमध्ये कोणता अंश टिकला आणि कोणता गळाला, याचा विचार आपण प्रायः लेखक, लिपिकार आणि आश्रयदाते यांच्या अंगाने करतो. ज्यांनी ऐकले आणि ज्यांनी ऐकण्यास नकार दिला, त्यांचा वाटा त्यात किती असेल, हे बफीचा चाहता आपल्याला नव्याने विचारावयास लावतो.