‘पौर्वात्य’ आणि ‘पाश्चात्त्य’ : दोन व्हिडिओ-खेळांच्या निमित्ताने

तौलनिक साहित्याभ्यासात ‘पौर्वात्य’ आणि ‘पाश्चात्त्य’ ही विशेषणे जितक्या सहजपणे वापरली जातात, तितक्या काटेकोरपणे ती तपासली जात नाहीत. व्हिडिओ-खेळांविषयीच्या लेखनातही ही जोडी आता रूढ झाली आहे. पाश्चात्त्य खेळ खेळणाऱ्याला स्वातंत्र्य देतो, तर पौर्वात्य, म्हणजे येथे जपानी, खेळ त्याला आधीच रचलेली कथा सांगतो, असे म्हटले जाते. या भेदाच्या मुळाशी एकीकडे व्यक्तिवाद आणि दुसरीकडे समूहनिष्ठा असल्याचेही सांगितले जाते. यांपैकी पहिल्या विधानात तथ्य आहे. दुसरे मात्र तपासून पाहावे लागेल. त्यासाठी १९८५चा अमेरिकन ‘अल्टिमा ४’ आणि १९८६चा जपानी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हे दोन खेळ येथे विचारात घेतले आहेत.

दोन्ही खेळ भूमिकाप्रधान आहेत. त्यांत खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेऊन कल्पित भूमीत हिंडतो, लढतो आणि हळूहळू सामर्थ्य मिळवतो. या प्रकाराचे मूळ १९७४मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांच्या खेळात आहे. १९८१मध्ये याच परंपरेतून संगणकावर दोन महत्त्वाच्या कृती आल्या. रिचर्ड गॅरियट यांच्या ‘अल्टिमा’त भूमी नकाशाप्रमाणे वरून दिसत असे. ग्रीनबर्ग आणि वुडहेड यांच्या ‘विझर्ड्री’त भुयार प्रवाशाच्या डोळ्यांसमोर उलगडत असे. युजी होरी यांच्यावर या दोन्ही खेळांचा प्रभाव होता. ‘ड्रॅगन क्वेस्ट’मधील भूमीवरचा प्रवास ‘अल्टिमा’च्या पद्धतीचा आहे आणि शत्रू समोर ठाकल्यावरची लढाई ‘विझर्ड्री’च्या. ज्याला आपण आज पौर्वात्य शैली म्हणतो, तिचा प्रारंभ अशा रीतीने दोन पाश्चात्त्य कृतींच्या वाचनातून झाला.

‘अल्टिमा ४’मध्ये पराभूत करावयाचा असा अंतिम खलनायक नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि विनम्रता हे आठ गुण अंगी बाणवून ‘अवतार’ होणे, हे त्याचे साध्य आहे. वनौषधी विकणारी आंधळी बाई पैसे मोजून पाहू शकत नाही. तिला कमी पैसे दिले, तर आपला प्रामाणिकपणा घटतो, आणि तेही आपल्याला न सांगता. ‘अवतार’ या संस्कृत शब्दाचे येथे जे झाले आहे, ते भारतीय वाचकाच्या सहज लक्षात येईल. आपल्याकडे अवतार म्हणजे वरून खाली उतरणे; देव मनुष्यरूप घेतो. येथे मनुष्यच पायरी-पायरीने वर चढतो. शब्द आपला असला, तरी दिशा उलटी आहे.

‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये याच्या नेमके उलट घडते. जपानी लेखक युरोपीय मध्ययुगातील किल्ला, राजा, बंदिवान राजकन्या आणि ड्रॅगन घेतो. सुटका झालेल्या राजकन्येला नायकाने नकार दिला, तर होकार मिळेपर्यंत ती तोच प्रश्न पुन्हा विचारीत राहते. खेळणाऱ्याला दिलेली निवड येथे नावापुरतीच आहे. खेळ आरंभी त्याला राजाच्या दालनात कोंडतो. किल्ली घेऊन दार उघडल्यावाचून बाहेर पडता येत नाही.

हे राजाज्ञेपुढे नमणाऱ्या समाजाचे प्रतिबिंब म्हणावे काय? कारणे याहून साधी आहेत. ‘अल्टिमा ४’ संगणकाचा खेळ होता. कळफलकावर शब्द टंकून पात्रांना प्रश्न विचारावयाचे असत आणि जोडीला छापील पुस्तिका व कापडी नकाशा मिळत असे. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ फॅमिकॉम या घरगुती यंत्रासाठी होता. तेथे कळफलक नव्हता, कार्ट्रिजची क्षमता जेमतेम ६४ किलोबाइट होती आणि खेळणाऱ्यांत या प्रकाराशी अपरिचित मुले पुष्कळ होती. ते बंद दालन म्हणजे खेळाचे बाळबोध पुस्तक होय. बोलणे, पेटी उघडणे, किल्ली लावणे आणि जिना उतरणे हे धडे तेथे गिरवून घेतले जातात. शिवाय कथेच्या शेवटी राजा सिंहासन देऊ करतो, तेव्हा नायक ते नाकारून स्वतःचे राज्य शोधायला निघतो. समूहनिष्ठेचा सिद्धान्त मांडणाऱ्यांनी या शेवटाचा आणि ‘स्वतंत्र’ म्हणविणाऱ्या ‘अल्टिमा’तील अदृश्य नैतिक पहाऱ्याचा एकत्र विचार करावयास हवा.

प्रभावाच्या अभ्यासात चुकीच्या वाचनालाही स्थान असते. ‘विझर्ड्री’त स्वयंपाकघरातील एका यंत्राच्या व्यापारी नावावरून थट्टेने नाव ठेवलेली एक तलवार आहे. जपानी खेळाडूंना ते यंत्र ठाऊक नसल्याने ती एखाद्या थोर लोहाराची कृती मानली गेली. विनोद लोपला आणि त्या जागी गांभीर्य आले. पुढे मूळ कंपनी बंद पडली, तरी जपानमध्ये ‘विझर्ड्री’ची परंपरा चालू राहिली. उलट दिशेचा प्रवासही असाच झाला. १९८९मध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ अमेरिकेत निराळ्या नावाने गेला, तेव्हा त्याच्या संवादांना जुनाट, ग्रांथिक इंग्रजीचा साज चढविला गेला आणि वेष्टनावरील अकिरा तोरियामा यांच्या खेळकर चित्राची जागा पाश्चात्त्य धाटणीच्या चित्राने घेतली.

तेव्हा शैलीभेद खरा आहे, पण तो वंशस्वभावातून आलेला नाही. यंत्र, वाचकवर्ग, अनुवाद आणि गैरसमज यांच्या देवघेवीतून तो घडला आहे. हा मुद्दा केवळ खेळांपुरता नाही. इंग्रजी साहित्याच्या संपर्कातून आलेल्या एका साहित्यप्रकाराला मराठीने बाणभट्टाच्या नायिकेचे नाव दिले आणि ‘कादंबरी’ आपली झाली. तिचे आगमन म्हणजे निव्वळ अनुकरण, असे म्हणणाऱ्यांचे आणि तिच्यात केवळ भारतीय मन शोधणाऱ्यांचेही एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते : घेणाऱ्याने घेतलेल्या वस्तूचे काय केले? तौलनिक अभ्यासाचा पहिला प्रश्न हाच असावयास हवा.