मोबाइल अ‍ॅपच्या पार्श्वभूमीतील बॅटरी-वापराचे निरीक्षण

अ‍ॅप पडद्यावर दिसत नसताना किंवा फोनचा पडदा बंद असताना ते जी कामे करीत राहते, त्यांना पार्श्वभूमीतील कामे म्हणतात. या कामांवर किती वीज खर्च होते याची नोंद घेणे, खर्चाचे कारण शोधणे आणि आवश्यक तेथे त्याला मर्यादा घालणे, या प्रक्रियेस पार्श्वभूमीतील बॅटरी-वापराचे निरीक्षण असे म्हणतात. संदेश वेळेवर पोहोचणे, गजर वाजणे यांसाठी थोडा खर्च अपरिहार्य असतो. त्यामुळे सर्व कामे बंद पाडणे हा निरीक्षणाचा हेतू नसून आवश्यक आणि अनावश्यक खर्च वेगळे ओळखणे हा असतो.

खर्चाची कारणे

पडदा बंद झाल्यावर फोनचा प्रोसेसर निद्रावस्थेत जातो. एखादे काम अर्धवट राहू नये म्हणून अ‍ॅप त्याला जागे ठेवू शकते. अँड्रॉइड प्रणालीत या सोयीस 'वेकलॉक' म्हणतात. काम संपल्यावरही अ‍ॅपने वेकलॉक सोडला नाही, तर फोन रात्रभर जागा राहतो.

दुसरे कारण इंटरनेटचा वापर होय. माहितीची देवाणघेवाण संपली तरी मोबाइल रेडिओ काही सेकंद सक्रिय राहतो. म्हणून दर दोन मिनिटांनी थोडी थोडी माहिती पाठवणारे अ‍ॅप, तीच माहिती एकदम पाठवणाऱ्या अ‍ॅपपेक्षा अधिक वीज खाते. सिग्नल दुर्बल असल्यास रेडिओला जास्त शक्तीने प्रक्षेपण करावे लागते आणि खर्च आणखी वाढतो.

जीपीएसद्वारे सतत स्थान शोधणे हे तिसरे कारण आहे. जाहिरातींचाही वाटा मोठा असतो. अभिनव पाठक, वाय. चार्ली हू आणि मिंग झँग यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तपासलेल्या मोफत अ‍ॅपमधील ६५ ते ७५ टक्के ऊर्जा जाहिरातींशी संबंधित त्रयस्थ घटकांवर खर्च होत असल्याचे आढळले होते.

मापनाचे स्वरूप

एकाच वीजमीटरवर अनेक बिऱ्हाडे राहत असावीत, तशी फोनमधील अ‍ॅपची स्थिती असते. बॅटरीतून एकूण किती वीज गेली हे मोजता येते. परंतु प्रत्येक अ‍ॅपला स्वतंत्र मीटर नसतो. कोणत्या अ‍ॅपने प्रोसेसर, रेडिओ व जीपीएस किती वेळ वापरले याच्या नोंदींवरून प्रणाली खर्चाची वाटणी करते. सेटिंगमध्ये दिसणारे अ‍ॅपनिहाय आकडे हा बहुधा असा अंदाज असतो.

हे आकडे वाचताना एक गल्लत वारंवार होते. आयफोनमधील टक्केवारी ही खर्च झालेल्या विजेतील वाटा दाखवते, संपूर्ण बॅटरीतील नव्हे. रात्रीतून बॅटरी ४ टक्के उतरली आणि त्यातील ५० टक्के खर्च एका अ‍ॅपच्या नावे असला, तर त्या अ‍ॅपने प्रत्यक्षात बॅटरीचे २ टक्केच वापरलेले असतात.

प्रणालींतील तरतुदी

अँड्रॉइड ५ (२०१४) पासून पार्श्वभूमीतील कामे एकत्र गोळा करून सोयीच्या वेळी उरकण्याची व्यवस्था आली. अँड्रॉइड ६ (२०१५) मध्ये 'डोझ' ही अवस्था आली. फोन चार्जरला जोडलेला नसताना, पडदा बंद करून बराच वेळ स्थिर पडून राहिल्यास ती लागू होते आणि अ‍ॅपना ठरावीक अंतरानेच कामाची संधी मिळते. अँड्रॉइड ९ (२०१८) पासून क्वचित वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅपवर अधिक निर्बंध आले, तर अँड्रॉइड १० (२०१९) मध्ये 'फक्त अ‍ॅप वापरताना' स्थान देण्याचा पर्याय मिळाला. आयफोनमध्ये पार्श्वभूमीत अ‍ॅप अद्ययावत होण्याची सोय व ती बंद करण्याचा पर्याय आयओएस ७ (२०१३) मध्ये, तर अ‍ॅपनिहाय बॅटरी-वापराची यादी आयओएस ८ (२०१४) मध्ये आली.

निरीक्षणाची सोपी पद्धत

सामान्य वापरकर्त्यास तुलनेची पद्धत पुरेशी ठरते. रात्री फोन चार्जरविना ठेवून झोपतानाची व उठल्यावरची टक्केवारी लिहून ठेवावी. दुसऱ्या रात्री संशयित अ‍ॅपच्या पार्श्वभूमीतील कामांवर निर्बंध घालून तीच नोंद घ्यावी. जागा, सिग्नल आणि इतर सेटिंग दोन्ही वेळा सारखी हवीत. काही रात्री आलटून पालटून नोंदी घेतल्यास निष्कर्ष अधिक भरवशाचा होतो.

उदाहरणार्थ, ५,००० मिलिअँपिअर-तास क्षमतेची बॅटरी ८ तासांत १२ टक्के उतरली, तर ६०० मिलिअँपिअर-तास खर्च झाले, म्हणजे सरासरी प्रवाह ७५ मिलिअँपिअर होता. निर्बंधानंतर घट ४ टक्क्यांवर आली, तर सरासरी २५ मिलिअँपिअर येते. मधला ५० मिलिअँपिअरचा फरक त्या अ‍ॅपचा मानता येतो. हाच दर दिवसभर टिकल्यास फोनला हात न लावताही २४ तासांत बॅटरीचा सुमारे चौथा हिस्सा संपेल. बॅटरी जुनी असल्यास तिची खरी क्षमता छापील आकड्यापेक्षा कमी असते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

महाराष्ट्रातील संदर्भ

नांदेड जिल्ह्यातील माहूर हा पैनगंगेच्या परिसरातील डोंगराळ तालुका आहे. अशा भूभागात मोबाइल मनोरा डोंगराआड गेला की सिग्नल क्षीण होतो आणि त्याच अ‍ॅपचा खर्च एका वस्तीत कमी, तर दुसरीत जास्त दिसू शकतो. त्यामुळे शहरात घेतलेले माप येथे जसेच्या तसे लागू होत नाही.

शासकीय कामे मोबाइलवर आल्याने या विषयास सार्वजनिक महत्त्व आले आहे. २ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या 'आरोग्य सेतू' अ‍ॅपचे संपर्क-शोधाचे कार्य ब्लूटूथ व स्थाननोंदीवर आधारलेले होते. ते पार्श्वभूमीत चालू राहणे हाच त्याचा उद्देश होता. याउलट १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या 'ई-पीक पाहणी'त शेतकरी स्वतः शेतात उभा राहून पिकाचे छायाचित्र व स्थान नोंदवतो. अशा कामाला अ‍ॅप उघडे असतानाच स्थानाची गरज असते. २०२१ मध्येच राज्यातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले फोन परत करण्याचे आंदोलन केले. त्यांच्या तक्रारी केवळ बॅटरीपुरत्या नव्हत्या. फोनची अपुरी क्षमता व अ‍ॅपची इंग्रजी भाषा हेही मुद्दे होते. कामाचे साधन जेथे फोन हेच असते, तेथे अ‍ॅप तयार करणाऱ्यांनी ते साध्या फोनवर व दुर्बल सिग्नलमध्ये तपासणे का आवश्यक आहे, हे त्यातून दिसते.

उपाय व मर्यादा

अनावश्यक अ‍ॅप काढून टाकणे, स्थानाची परवानगी अ‍ॅप वापरतानाच देणे आणि अ‍ॅप अद्ययावत ठेवणे हे उपाय उपयुक्त ठरतात. अलीकडे वापरलेल्या अ‍ॅपच्या यादीतून प्रत्येक अ‍ॅप सतत सरकवून काढल्याने मात्र सहसा बचत होत नाही, कारण अ‍ॅप पुन्हा प्रथमपासून सुरू होताना अधिक वीज लागते. अतिकडक निर्बंधांमुळे संदेश उशिरा येणे किंवा औषधाच्या वेळेची आठवण चुकणे संभवते. म्हणून निर्बंध घालण्यापूर्वी ते अ‍ॅप पार्श्वभूमीत कोणते काम करते, हे पाहणे आवश्यक असते.