सही करण्याआधीचा आकडा

1 कोटी 32 लाख डॉलर जादा खर्च आणि वर्षाला 44 लाख डॉलर बचत. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये 2009 साली ऊर्जाबचतीचे काम हाती घेतले, तेव्हा मांडलेले हे गणित. तीन वर्षांत खर्च वसूल आणि ऊर्जेचा वापर 38 टक्क्यांनी कमी! 1931 साली उभ्या राहिलेल्या 102 मजली इमारतीसाठी हे धाडसच होते. म्हणून काम करणाऱ्या जॉन्सन कंट्रोल्स कंपनीकडून बचतीची हमी करारातच लिहून घेतली गेली. पहिली तिन्ही वर्षे प्रत्यक्ष बचत हमीपेक्षा जास्त झाली.

अशा करारात उपकरणांपेक्षा परिणाम महत्त्वाचा. बचत कमी पडली तर फरक कंपनी भरते. अशा कंपनीला ‘एस्को’ म्हणतात.

न्यूयॉर्कच्या यशामागे कामांचा क्रम होता. साठाहून अधिक कल्पना तपासून आठ निवडल्या. त्यातली एक खिडक्यांची. 6,514 खिडक्यांच्या काचा काढल्या, इमारतीतच उभारलेल्या कार्यशाळेत धुतल्या, दोन काचांच्या मध्ये उष्णता अडवणारी फिल्म बसवून वायू भरला आणि त्याच काचा पुन्हा लावल्या. अशा कामांमुळे थंडाव्याची गरज सुमारे एक तृतीयांशाने घटली. परिणामी मोठे नवे चिलर घ्यावे लागले नाहीत, जुनेच सुधारून भागले. आधी गरज कमी केली, मग यंत्र ठरवले.

आता आपल्याकडच्या एखाद्या कार्यालयीन इमारतीचा हिशेब मांडू. समजा, वर्षाला 10 लाख युनिट वीज लागते आणि दर 10 रुपये आहे. बिल 1 कोटी. एस्कोने 25 टक्के बचतीची हमी दिली, म्हणजे अडीच लाख युनिट, 25 लाख रुपये. कामाचा खर्च 75 लाख असेल, तर व्याज सोडून तो तीन वर्षांत वसूल होतो.

पैसे कोण घालणार, यावर कराराचे दोन प्रकार पडतात. हमीच्या करारात मालक पैसे उभे करतो आणि बचतीची जबाबदारी एस्को घेते. वाटणीच्या करारात गुंतवणूक एस्कोची. 80:20 वाटणी पाच वर्षांसाठी ठरली, तर एस्कोला 1 कोटी मिळतात. मालकाला खिशातून काही न घालता वर्षाला 5 लाख मिळतात आणि सहाव्या वर्षापासून पूर्ण 25 लाख.

वाद होतात ते बचत मोजताना. वरच्याच इमारतीत नवे भाडेकरू आले आणि त्यांच्यामुळे 1 लाख युनिटची गरज वाढली. वर्षअखेर वापर 8.4 लाख युनिट. जुन्या बिलाशी तुलना केली तर बचत 1.6 लाख दिसते, म्हणजे हमी मोडली. पण मूळ वापर 11 लाख धरायला हवा. खरी बचत 2.6 लाख आहे आणि अडीच लाख युनिटची हमी पाळली गेली आहे. भाडेकरू, कामाचे तास, हवामान बदलले तर मूळ वापर कसा दुरुस्त करायचा, याचे सूत्र सहीआधीच करारात हवे.

हमीही रुपयांत घेऊ नका, युनिटमध्ये घ्या. दर 11 रुपये झाला, तर 2.3 लाख युनिटची अपुरी बचतही 25.3 लाख रुपयांची भरते. कागदावर हमी पूर्ण आणि प्रत्यक्षात मात्र 20 हजार युनिट कमी!

म्हणून इमारतमालकांनी आणि सोसायट्यांनी एस्कोला बोलावण्याआधी किमान बारा महिन्यांची बिले एकत्र करावीत आणि प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षकाकडून तपासणी करून घ्यावी. 2002 साली स्थापन झालेल्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीकडे असे लेखापरीक्षक आणि मान्यताप्राप्त एस्को, दोन्हींची नोंद आहे. बचत मोजण्याचे काम मात्र एस्कोवर सोडू नका. ज्याला बचतीचे पैसे मिळणार, त्याच्याच हाती मोजमाप असता कामा नये.