‘पाणी वाचवा’ कुणी वाचतं का?

आजचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजवरून ठरला. पारनेर तालुक्यातला पोरगा, गावासाठी पाण्यावर रील करतोय. विचारत होता, म्युझिक कुठलं टाकू? अरे, कुठलंही टाक. आधी शब्दांचं बोलू.

‘पाणी वाचवा’ हे एसटी स्टँडपासून झेडपीच्या शाळेपर्यंत सगळीकडे रंगवलेलं असतं. ते वाचून कुणी मोटर बंद केलेली मी तरी पाहिली नाही. कुणी वाचवायचं, किती, कधी, यातलं काहीच त्यात नाही ना!

जाहिरातवाल्यांना हे परवडत नाही, कारण त्यांना माल खपवायचा असतो. ऐंशीच्या दशकातली सर्फची ललिताजी माहितीये? नसेल तर आईला विचारा. निरमा स्वस्त, सर्फ महाग. पण अलेक पदमसींच्या लिंटासने किंमत लपवली नाही. कविता चौधरींनी साकारलेली ही बाई भाजीसुद्धा पारखून घेणारी. तीच सांगते, की अर्धा किलो सर्फ किलोभर स्वस्त पावडरीइतकं पुरतं. खरं-खोटं कंपनी जाणे, पण गिऱ्हाईक मंडईत रोज करतं तोच हा हिशोब. म्हणून तो डोक्यात बसला.

असाच हिशोब आपल्या नगर तालुक्यात पाण्याचा झालाय. गाव हिवरे बाजार. पर्जन्यछायेतलं, एकेकाळी पोट भरायला लोक बाहेर जायचे असं. पोपटराव पवार सरपंच झाले आणि नव्वदच्या दशकात गावानं कात टाकली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बंधारे, सलग समतल चर, झाडं यावर पुष्कळ बोललं गेलंय. मला कौतुक वाटतं ते शब्दांचं.

भूजल व्यवस्थापन म्हटलं की माणूस जांभई देतो. तिथं शब्द आहे ‘पाण्याचा ताळेबंद’. दुकानदाराला कळतो, सोसायटीच्या सभासदाला कळतो. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी बघायची, आकडे ग्रामसभेत मांडायचे. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, उरेल त्यावर पिकं ठरवायची. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही.

दुसरं बघा, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी. एकेक शब्द, शेवट सारखा, पोरंसोरंही बोटांवर मोजतील. नुसतं ‘हे करू नका’ म्हटलं की लोक सहसा बिथरतात. इथं चराई बंद केली, पण गवत कापून न्यायला मोकळीक ठेवली. शेळी-गाईचं काय, याचं उत्तर सोबतच दिलं. आणि ठराव ग्रामसभेचा, म्हणजे सांगणारे आणि ऐकणारे तेच लोक. ही सोय मुंबईच्या कुठल्याच एजन्सीला नाही, हे मान्य करायला हवं.

तर मित्रा, ड्रोन शॉट राहू दे. आपल्याकडे विहीर परसात मोजतात. गावातली एकच विहीर धर, दोराला गाठी मार, आणि दर रविवारी तिथंच उभं राहून सांग: आज पाणी किती परस आहे, मागच्या रविवारी किती होतं, एवढ्यावर कांदा निघेल का नाही. पातळी खाली गेली तो रविवार गाळू नकोस. चांगलेच आकडे दाखवलेस, तर चौथ्या रीलला गावातलाच कुणीतरी कमेंटमध्ये आपल्या कोरड्या विहिरीचा फोटो टाकेल.