जर्मनसाठी ॲप निवडताना

जर्मन शिकायचं ठरवलं की फोनवर बघता बघता चार-पाच ॲप्स जमा होतात आणि प्रत्येकाचा दावा एकच असतो: शब्द, वाचन, बोलणं, सगळं इथेच. तेव्हा पाहायचं एवढंच, की ॲप उत्तर ओळखायला लावतं की आठवायला. चार चित्रांतून किल्ली ओळखणं कुणालाही जमतं. कुलूप लागलेल्या दारासमोर तो शब्द तोंडात येणं वेगळं. ड्युओलिंगो सवय लावायला छान, पण त्यात शब्दांचे ठोकळे जुळवण्यावरच बरंच निभावतं.

शब्दांसाठी माझं मत अंकी या ॲपला. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. कार्डावर प्रश्न दिसतो. उत्तर आधी मनाशी म्हणायचं, मग कार्ड उलटायचं आणि कितपत आठवलं ते बटण दाबून सांगायचं. आठवलं, तर तेच कार्ड उद्या, मग काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी येतं. अडलात तर लगेच परत. शब्द विसरायच्या बेतात असतानाच तो विचारायचा, ही यातली खरी युक्ती.

आयती कार्डं घेऊ नयेत. ‘किल्ली’च्या मागे नुसतं ‘श्ल्युसेल’ लिहून भागत नाही. ‘डेअर श्ल्युसेल’ असं लिंगासकट लिहावं, कारण आपली ती किल्ली तिकडे तो आहे. खाली एक वाक्य: ‘इश हाबे डेन श्ल्युसेल फेर्लोरेन’, मी किल्ली हरवली. कर्म झाल्यावर ‘डेअर’चा ‘डेन’ होतो, तो असा आपोआप अंगवळणी पडतो. अंकी मुळात रोज 20 नवी कार्डं देतं. नोकरी करणाऱ्याने ती 10 वर आणावीत, नाहीतर उजळणी तुंबते.

वाचनासाठी डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेची ‘निकोस वेग’ ही मोफत मालिका घ्या. व्हिडिओ पाहायचा, मग त्याचा मजकूर वाचायचा.

बोलण्याचं मात्र कठीण. ॲपने ‘बरोबर’ म्हटलं, तरी त्याला शब्द ओळखू आला एवढंच अनेकदा खरं असतं. त्यापेक्षा त्याच मालिकेतलं एक वाक्य ऐकून, व्हिडिओ थांबवून म्हणा, रेकॉर्ड करा, दोन्ही ऐका. ‘श्ल्युसेल’मधल्या स्वरासाठी जीभ ‘ई’ची ठेवायची आणि ओठ ‘ऊ’चे. गोएथे इन्स्टिट्यूटच्या ए-1 या पहिल्या पातळीच्या परीक्षेत विषय आणि एक शब्द लिहिलेलं कार्ड उचलून शेजारच्या परीक्षार्थीला प्रश्न विचारावा लागतो. तेवढ्यासाठी वर्गातलाच कुणीतरी गाठावा आणि घरी चिठ्ठ्या करून आळीपाळीने उचलाव्यात.