मग ठरतं कुठं?

२०२१ चा सप्टेंबर. डेट्रॉइटच्या उपनगरात, नोव्हीतल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता. पडद्यावर मिशिगनचा नकाशा. कुणीतरी सांगायचं, "हा भाग आत घ्या." तो तुकडा रंगायचा, शेजारच्या तक्त्यातला लोकसंख्येचा आकडा बदलायचा. "आता तो खालचा काढा." पुन्हा आकडा बदलायचा. तासन् तास हेच. माझे सासरे शेंगा सोलत बघत होते. त्यांची उभी नोकरी एका नगरपालिकेत गेली, त्यातली बरीच वर्षं निवडणूक शाखेत. अर्ध्या तासाने ते म्हणाले, "सूनबाई, हे सगळं लोकांसमोर चाललंय? मग ठरतं कुठं?"

प्रभाग रचनेचं काम त्यांनी हाताने केलेलं. "कच्चा आराखडा पाकिटात घालून, लाख लावून आम्ही वर पाठवायचो," ते सांगायचे, "आणि संध्याकाळी टपरीवर चहा पिताना पोरंच आम्हाला सांगायची, नाल्याअलीकडची चाळ कुठल्या वॉर्डात गेली ते." नकाशा कागदावर एका जागी होतो आणि ठरतो दुसऱ्याच जागी, हे त्यांचं तीस वर्षांचं ज्ञान. मला त्यांना सांगायचं होतं की इथे तसं होऊ नये म्हणूनच आम्ही थंडीत रस्त्यावर उभे राहिलो होतो.

अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना झाली की एकाहून जास्त जागा असलेलं प्रत्येक राज्य काँग्रेसच्या मतदारसंघांच्या सीमा पुन्हा आखतं. बहुतेक राज्यांत हे काम विधिमंडळच करतं, म्हणजे ज्यांना निवडून यायचं त्यांच्याच हातात पेन्सिल. २०११ मध्ये मिशिगनचं विधिमंडळ रिपब्लिकन पक्षाकडे होतं आणि गव्हर्नरही त्यांचाच. पक्षाचे सल्लागार, वकील आणि कर्मचारी यांनी बंद खोलीत नकाशे केले. त्या खोलीत काय बोलणं झालं ते बाहेर यायला सात वर्षं लागली. २०१८ मध्ये एका खटल्यात जुने ईमेल उघड झाले. त्यातल्या एकात पक्षाच्या एका कर्मचाऱ्याने लिहिलं होतं की आग्नेय मिशिगनच्या चार काउंट्यांमधला सगळा 'डेमॉक्रॅटिक कचरा' चारच मतदारसंघांत कोंबायचा. त्या चारांत आमची ओकलंड काउंटीही होती. तो शब्द मी वर्तमानपत्रात वाचला आणि पेपर मिटून ठेवला. कचरा म्हणजे माझे शेजारी, मुलांच्या शाळेतल्या बाई, आमचे टपालवाले.

ही कोंबाकोंबी नकाशावर नुसत्या डोळ्यांना दिसायची. जुना चौदावा मतदारसंघ डेट्रॉइटच्या पूर्वेला नदीकाठी सुरू व्हायचा, शहरातून वाट काढत पश्चिमेला फार्मिंग्टन हिल्सकडे यायचा आणि तिथून वळसा घेऊन वर पाँटिॲकला जाऊन टेकायचा. २०१२ च्या निवडणुकीत राज्यभरात काँग्रेससाठी डेमॉक्रॅटिक उमेदवारांना जास्त मतं पडली आणि १४ पैकी ९ जागा रिपब्लिकन पक्षाला मिळाल्या.

२०१६ च्या निवडणुकीनंतर दोनच दिवसांनी केटी फेही नावाच्या २७ वर्षांच्या मुलीने कामावर जाण्याआधी फेसबुकवर दोन ओळी टाकल्या: मिशिगनमधल्या या सीमांच्या खेळाविरुद्ध काहीतरी करायचंय, कुणाला यायचं असेल तर सांगा. शेवटी एक हसरा चेहरा. राजकारणाचा तिला काही अनुभव नव्हता, ती पुनर्वापराच्या क्षेत्रातल्या एका संस्थेत नोकरी करायची. त्या दोन ओळींतून 'व्होटर्स नॉट पॉलिटिशियन्स' ही चळवळ उभी राहिली. राज्यघटनेत दुरुस्ती करून सीमा आखण्याचं काम सामान्य नागरिकांच्या आयोगाकडे द्यायचं, हे तिचं म्हणणं. त्यासाठी ३ लाख १५ हजारांवर सह्या लागणार होत्या.

मी त्यात गेले ती २०१७ च्या शरद ऋतूत. शनिवारी सकाळी भाजीबाजाराच्या दाराशी हातात क्लिपबोर्ड घेऊन उभं राहायचं. नोव्हेंबर लागला तशी बॉलपेनमधली शाई थिजायला लागली. मग दोन पेनं हातमोज्यात, तळहाताशी धरून गरम ठेवायची आणि आळीपाळीने पुढे करायची. भाषण कुणी ऐकून घेत नसे. आम्ही चौदाव्या मतदारसंघाचा नकाशा प्लास्टिकमध्ये घालून नेला होता, तो नुसता दाखवायचा. लोक थांबायचे, बोटाने त्याची कड धरून जायचे आणि मध्येच बोट हरवायचं. मग पेन मागायचे. सगळ्यात जास्त चुका प्रेमापोटी व्हायच्या: नवरा आपली सही करून झाली की खाली बायकोचीही ठोकून द्यायचा, आणि आम्हाला ती ओळ खोडावी लागायची. माझ्याबरोबर डेट्रॉइटची एक कृष्णवर्णीय मैत्रीण असायची, निवृत्त नर्स. तिच्यासमोरून सही न करता जाणं कुणाला जमत नसे. डिसेंबरात सव्वाचार लाखांवर सह्या जमा झाल्या, सगळ्या बिनपगारी माणसांनी गोळा केलेल्या. पुढच्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात प्रस्ताव ४ विरुद्ध ३ असा कसाबसा तगला आणि नोव्हेंबरात ६१ टक्के मतांनी मंजूर झाला.

आयोगासाठी नऊ हजारांहून जास्त अर्ज आले. त्यातून २०० नावं निघाली, विधिमंडळातल्या नेत्यांना त्यातली २० खोडायची मुभा होती आणि उरलेल्यांतून १३ जणांची सोडत निघाली: ४ डेमॉक्रॅट, ४ रिपब्लिकन, ५ कुठल्याच पक्षाचे नसलेले. पुढारी, पक्षाचे पदाधिकारी, लॉबी करणारे आणि त्यांचे जवळचे नातेवाईक आधीच बाद होते. जागाही घटली होती, आता १३ च मतदारसंघ, प्रत्येकी सुमारे ७ लाख ७५ हजार माणसांचा. त्यात जनगणनेचे आकडे मार्चऐवजी ऑगस्टमध्ये हाती आले. या तेरा अननुभवी माणसांनी सॉफ्टवेअर शिकत शिकत, आळीपाळीने, चालू प्रक्षेपणात रेघा ओढल्या. तेच आम्ही टेबलावर बसून बघत होतो. सासऱ्यांनी तर एक वही केली, तारीख घालून कोण काय बोललं ते टिपायचे. नोकरीची सवय.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर ऑक्टोबरात मिळालं. २० तारखेला डेट्रॉइटमध्ये जाहीर सुनावणी झाली. माइकपुढे एकामागून एक लोक येत होते आणि बहुतेकांचं म्हणणं एकच होतं: आमच्या शहराचे उभे तुकडे करून तुम्ही ते दूरच्या गोऱ्या उपनगरांना जोडताय, यात आमचा माणूस निवडून येणार नाही. पुढच्याच आठवड्यात, २७ ऑक्टोबरला, आयोगाने दार लावून घेतलं. वकिलांशी गोपनीय चर्चा, विषय मतदान हक्क कायदा आणि राज्यातल्या वांशिक भेदभावाचा इतिहास. नेमकं जे लोकांना ऐकायचं होतं तेच. सासऱ्यांनी वहीत तारीख घातली, पुढे ओळ कोरी सोडली. "बघ," एवढंच म्हणाले.

मला त्या रात्री झोप आली नाही. थंडीत मागितलेली एकेक सही आठवत होती. पण इथे वर्तमानपत्रांनी दावा लावला आणि २० डिसेंबरला न्यायालयाने पुन्हा ४ विरुद्ध ३ मतांनी हुकूम दिला: त्या बैठकीचं ध्वनिमुद्रण लोकांना द्या. सात वर्षं नाही, आठ आठवडे. लाख लावलेलं पाकीट असं भरदिवसा फुटलेलं सासऱ्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

आठ दिवसांनी काँग्रेसचा नकाशा ८ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाला. नकाशांना झाडांची नावं दिली होती, हा 'चेस्टनट'. पक्षांच्या तराजूत तो सरळ होता याची साक्ष पुढच्या दोन निवडणुकांनी दिली: २०२२ मध्ये १३ पैकी ७ जागा डेमॉक्रॅटिक पक्षाला, २०२४ मध्ये ७ रिपब्लिकन पक्षाला. डेट्रॉइटचं दुखणं मात्र तसंच राहिलं. पूर्वी तिथले दोन मतदारसंघ कृष्णवर्णीय बहुसंख्येचे होते, आता एकही नव्हता.

आणि इथे गोष्ट आपल्या घरात येते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तेराव्या मतदारसंघात डेमॉक्रॅटिक उमेदवारीसाठी नऊ जण उभे होते. मतं फुटली आणि सुमारे २८ टक्क्यांवर श्री ठाणेदार जिंकले, चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले. आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर त्या रात्री पेढ्यांची चित्रं थांबेनात. मलाही आनंद झाला, तो मी लपवत नाही. गरिबीतून आलेला, मराठीत आत्मचरित्र लिहिलेला माणूस वॉशिंग्टनला जाणार होता. सकाळी माझ्या त्या नर्स मैत्रिणीचा फोन आला. आधी तिने मनापासून अभिनंदन केलं. मग थोडं थांबून म्हणाली, "१९५५ पासून आमच्या शहराचा एक तरी काळा माणूस काँग्रेसमध्ये होता. आता नसेल. याच्यासाठी आपण सह्या गोळा केल्या का गं?" डेट्रॉइटमध्ये चारपैकी तीनांहून जास्त माणसं कृष्णवर्णीय आहेत. मला उत्तर सुचलं नाही. ठाणेदार नियमाने उभे राहिले, नियमाने जिंकले, त्यांच्याकडे बोट दाखवण्यासारखं काहीच नाही. पण रेघ कुठून गेली हे विचारण्याचा तिचा हक्क माझ्या आनंदापेक्षा मोठा आहे, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

डेट्रॉइटच्या काही रहिवाशांनी आयोगानेच आखलेल्या राज्य विधिमंडळाच्या नकाशांविरुद्ध संघराज्याच्या न्यायालयात दाद मागितली. २०२३ च्या डिसेंबरात तीन न्यायाधीशांनी एकमताने डेट्रॉइट परिसरातले १३ मतदारसंघ रद्द केले: रेघा मुख्यतः वंश बघून ओढल्या होत्या. तज्ज्ञांच्या सल्ल्यावरून कृष्णवर्णीय मतदारांचं प्रमाण साधारण ३५ ते ४५ टक्क्यांच्या घरात बसवायला आयोग शहराला उपनगरांकडे खेचत राहिला होता. काँग्रेसचा नकाशा या खटल्यात नव्हता, तो तसाच राहिला. विधानसभेचा नवा नकाशा २०२४ मध्ये आला, नाव 'मोटाउन साउंड', डेट्रॉइटच्या संगीतावरून.

निकालपत्र मी छापून घरी आणलं. न्यायाधीशांनी पुरावा म्हणून पानंच्या पानं भरली होती ती आयोगाच्या उघड्या बैठकांमधल्या बोलण्याने. कुठल्या दिवशी कोण म्हणालं की इथली टक्केवारी अजून जास्त आहे, ती खाली आणा, सगळं शब्दशः. मी सासऱ्यांना मराठीत सांगत वाचत होते. दुसऱ्या-तिसऱ्या पानावर त्यांनी मला हाताने थांबवलं, कपाटातून ती वही आणली, चष्मा लावला आणि सप्टेंबर २०२१ ची पानं काढली. "तारीख सांग," म्हणाले. मी सांगितली. त्यांचं बोट ओळींवरून खाली सरकत गेलं आणि एका जागी थांबलं.