मुलाला वेगाचं वेड आहे? रस्ता नको, कार्टिंगचा ट्रॅक दाखवा; पण आधी हिशेब करा

दरवर्षी शब-ए-बरात जवळ आली की मशिदींमधून एक आवाहन होतं : मुलांच्या हातात बाईक देऊ नका. पोलिसही मोहल्ल्यातल्या जबाबदार मंडळींना बोलावून हेच सांगतात. तरीही मध्यरात्री पूल आणि मोकळे रस्ते बघून पोरं सुसाट सुटतातच, आणि एखाद्या घरावर आभाळ कोसळतं. आपण त्यांना रागावतो, चावी लपवतो. पण वेगाची ओढ लपवता येत नाही. ती ओढ कुठे न्यायची, हे सांगणारा कोणीतरी लागतो.

कायदाही आता कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९९ अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही.

याच ओढीला एक रीतसर वाट आहे, ती म्हणजे कार्ट रेसिंग. अनेक वाचक पालक आम्हाला विचारतात, की हा फक्त श्रीमंतांचा खेळ आहे का? सुरुवात कुठून करायची? धोका किती? म्हणून हा लेख.

खेळाला दीनचा विरोध आहे का?

शर्यत म्हटली की काही घरांत लगेच कपाळाला आठ्या पडतात. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी मदिनेत घोड्यांच्या शर्यती घेतल्याची नोंद सहीह बुखारीत आहे. त्यातली एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. सरावाने तयार केलेल्या घोड्यांना लांबचं अंतर दिलं होतं आणि तयार नसलेल्यांना जवळचं. ज्याची जेवढी तयारी, तेवढाच त्याचा टप्पा. कार्टिंगमध्येही हाच नियम पाळायचा आहे. मना आहे ती पैजेला, जुगाराला आणि इस्राफला, म्हणजे उधळपट्टीला.

कार्ट म्हणजे नेमकं काय?

लोखंडी नळ्यांचा सांगाडा, चार छोटी चाकं, एक सीट आणि बाजूला इंजिन. जमिनीपासून बसायची जागा जेमतेम काही इंच. कार्टला सस्पेन्शन नसतं आणि डिफरन्शियलही नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच एक्सलवर घट्ट बसवलेली असतात, त्यामुळे वळताना आतलं मागचं चाक किंचित उचललं गेलं तरच कार्ट नीट वळते. म्हणून नुसता ॲक्सिलरेटर दाबून कोणी जिंकत नाही. ब्रेक कुठे लावायचा, वळणात कुठून शिरायचं, कुठून बाहेर पडायचं, हे डोक्याचं काम आहे. मायकल शूमाकर, लुईस हॅमिल्टन, मॅक्स वर्स्टॅपेन हे सगळे कार्टमधूनच वर आले.

आपल्याकडचीही नावं आहेत. मुंबईच्या जेहान दारूवालाने कार्टिंगपासून सुरुवात केली आणि २०२० मध्ये फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटनमध्ये फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. आग्र्याच्या शहान अली मोहसीनने राष्ट्रीय कार्टिंगमध्ये विजेतेपदं मिळवली. चेन्नईचे अकबर इब्राहिम स्वतः रेसर होते. पुढे त्यांनी मेको मोटरस्पोर्ट्समार्फत राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धा भरवल्या, कित्येक पोरं घडवली आणि देशातल्या मोटरस्पोर्टची शिखर संस्था असलेल्या एफएमएससीआयचे अध्यक्षपदही भूषवलं.

पहिला टप्पा : भाड्याची कार्ट, भाड्याचं हेल्मेट

पहिल्याच महिन्यात कार्ट विकत घ्यायला धावू नका. शहरातल्या कार्टिंग ट्रॅकवर आठ-दहा मिनिटांच्या फेऱ्या भाड्याने मिळतात. बहुतेक ठिकाणी वयाबरोबर उंचीचीही अट असते, कारण पाय पेडलपर्यंत पोचले पाहिजेत. फोन करून आधी विचारा. गर्दीच्या रविवार संध्याकाळऐवजी आठवड्यातल्या शांत वेळी जा.

चार-सहा महिने हेच करा, पण डोळे उघडे ठेवून. प्रत्येक वेळी फेऱ्यांच्या वेळेचा कागद मिळतो, तो जपून ठेवा. सर्वांत वेगवान फेरी बघू नका. सलग फेऱ्यांच्या वेळा एकमेकींच्या जवळ येतायत का ते बघा. ज्या मुलाची प्रत्येक फेरी जवळपास सारखी, त्याला कळायला लागलंय. ट्रॅकवरच्या माणसाने दिलेली सूचना मूल ऐकतं का? धडक झाल्यावर दुसऱ्याला दोष देतं, की स्वतःचं काय चुकलं ते विचारतं?

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, पुन्हा जायचं कोण म्हणतंय, मूल की अब्बा? आपली राहून गेलेली हौस मुलाच्या डोक्यावर हेल्मेट घालून पुरी करायची नसते.

दुसरा टप्पा : शिकवणी

गोडी टिकली तर प्रशिक्षक शोधा. मुंबईत अनेक वेळा राष्ट्रीय विजेते ठरलेले रयोमंद बनाजी यांनी बरीच मुलं तयार केली आहेत. कोल्हापूरजवळ मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक आहे, तिथे राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. पश्चिम महाराष्ट्रातल्या पालकांना तो जवळ पडतो. बेंगळुरू आणि कोइम्बतूरलाही ट्रॅक आहेत, तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला २०२३ मध्ये नवा आंतरराष्ट्रीय दर्जाचा कार्टिंग ट्रॅक सुरू झाला.

शिकवणीत पहिल्या दिवशी झेंडे शिकवले जातात का ते बघा. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक करायचं नाही. निळा म्हणजे मागून वेगवान कार्ट येतेय, तिला वाट द्या. लाल म्हणजे शर्यत थांबली. काळा म्हणजे तुम्ही बाहेर या. जो प्रशिक्षक झेंड्यांच्या आधी वेग शिकवतो, त्याच्याकडे मूल सोपवू नका.

तिसरा टप्पा : स्पर्धा

राष्ट्रीय स्पर्धेत उतरायचं तर एफएमएससीआयचं स्पर्धा लायसन्स काढावं लागतं. त्यासाठी वैद्यकीय तपासणी आणि पालकांची लेखी संमती लागते. रस्त्यावरच्या लायसन्सचा याच्याशी काही संबंध नाही.

आपल्याकडे रोटॅक्स या ऑस्ट्रियन कंपनीच्या इंजिनांवर चालणारे गट अनेक वर्षं रुळलेले आहेत. लहानांसाठी मायक्रो मॅक्स, मग ज्युनियर मॅक्स, मग सीनियर मॅक्स. इंजिन १२५ सीसीचं टू-स्ट्रोक असतं. लहान गटांत त्याची ताकद बांधून ठेवलेली असते, सीनियरमध्ये ती ३० हॉर्सपॉवरच्या आसपास जाते. इंजिन सीलबंद असतं, म्हणजे पैसेवाल्याने आत काहीतरी करून घेतलं असं सहसा होत नाही. कार्ट आणि चालक मिळून किमान वजनही ठरलेलं असतं. किडकिडीत मुलाच्या कार्टला शिसं लावून वजन भरून काढतात, म्हणून मुलाला उपाशी ठेवून काही मिळत नाही.

खर्च : आधी आकडा ठरवा, मग ट्रॅकवर जा

भाड्याच्या फेऱ्यांचा खर्च काही शे रुपयांत भागतो. राष्ट्रीय हंगाम मात्र लाखांत जातो, हे कोणी लपवलं तरी तुम्ही धरून चाला. प्रवेश फी, कार्टचं भाडं, मेकॅनिक, टायर, पेट्रोल-ऑइल, सरावाचे दिवस, प्रवास, मुक्काम; आणि धडक झाली तर तुटलेल्या भागांचे पैसे वेगळे. टीमशी बोलताना हे प्रत्येक कलम लेखी मागा. ‘सगळं बघून घेऊ’ म्हणणाऱ्याला नम्रपणे सलाम करा आणि निघा.

आमचं स्पष्ट मत असं आहे : या खेळासाठी व्याजाचं कर्ज काढू नका, घरातलं सोनं मोडू नका आणि बहिणीच्या शिक्षणाचे पैसे भावाच्या टायरमध्ये घालू नका. हॅमिल्टनच्या वडिलांनी एकाहून जास्त नोकऱ्या केल्या, हे सगळे सांगतात. ज्यांनी तेवढंच केलं आणि ज्यांचं नाव कुणालाच माहीत नाही, त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही. फॉर्म्युला वनमध्ये एका वेळी वीस-बावीस चालक असतात. भारतातून आजवर दोघेच तिथे शर्यत धावले : २००५ मध्ये नारायण कार्तिकेयन आणि २०१० मध्ये करुण चंदोक. म्हणून वर्षाचा आकडा घरात बसून, अम्मीसमोर, कागदावर लिहा. तो संपला की हंगाम संपला.

ऐपत नसेल तर दार बंद होत नाही. भाड्याच्या कार्टवरच्या स्थानिक स्पर्धा असतात, त्यात सगळ्यांना ट्रॅकचीच कार्ट मिळते. ज्याचा हात मशिनवर बसतो, त्याच्यासाठी मेकॅनिक आणि पुढे रेस इंजिनिअरची वाट आहे. आपल्या मोहल्ल्यांतल्या गॅरेजमध्ये हे हुनर आधीपासून आहे; त्याला शिक्षणाची जोड हवी.

सुरक्षितता : इथे तडजोड नाही

रेसिंग कार्टला सीटबेल्ट नसतो, हे बघून पालक घाबरतात. कारण साधं आहे : डोक्यावर पिंजरा नसतो, कार्ट उलटली तर बांधलेलं मूल तिच्याखाली सापडेल. म्हणून बाकीचं संरक्षण पक्कं हवं. चेहरा झाकणारं हेल्मेट, तेही लहान मुलांच्या मानेला झेपेल असं हलकं आणि कार्टिंगसाठी प्रमाणित; बाईकचं चालणार नाही. अंगभर कार्टिंग सूट, हातमोजे, घोट्यापर्यंत बूट आणि बरगड्यांचं कवच. या खेळात बरगड्यांना मार बसतो, म्हणून कवच टाळू नका.

मुलींच्या पालकांनी हे नीट वाचावं. ओढणी, सैल स्कार्फ किंवा मोकळे केस मागच्या फिरत्या एक्सलमध्ये अडकून आपल्या देशात जीव गेले आहेत. पण म्हणून मुलीला घरी बसवायची गरज नाही. हेल्मेटच्या आत बालाक्लावा घालतात, तो डोकं, केस आणि मान पूर्ण झाकतो. वरून अंगभर सूट असतो. पर्द्याची काळजी आणि जिवाची काळजी इथे एकाच कपड्यात होते. केसांची वेणी सूटच्या आत, पिन नको, लटकणारं काही नको. अमिरातीच्या अमना आणि हमदा अल कुबैसी या बहिणी कार्टिंगमधूनच पुढे गेल्या आणि २०२३ मध्ये एफवन ॲकॅडमीत उतरल्या. त्यांचे वडील खालिद स्वतः रेसर. पालक सोबत असले की मुलीही पुढे जातात.

नमाज, रोजा आणि शाळा

स्पर्धेच्या आठवड्यात शुक्रवारी सराव असतो. जुम्याची वेळ टीमला आधीच सांगून ठेवा. शेवटच्या मिनिटाला सांगितलं तर अडचण होते. रोजा असताना मुलाला जाड सूट घालून उन्हात ट्रॅकवर नेऊ नका. घाम जातो, लक्ष उडतं आणि लक्ष उडालं की अपघात होतो. रमजानचा महिना विश्रांतीचा ठेवा, ईदनंतर पुन्हा सुरू करा.

शाळेची हजेरी आणि निकाल घसरला तर कार्टिंग थांबेल, हा करार मुलाशी पहिल्याच दिवशी करा आणि पाळा.

शेवटी, हरल्यावर गाडीत बसताना तुम्ही काय बोलता, यावर बरंच ठरतं. फेरीच्या वेळेवरून झापू नका. ‘मजा आली का?’ एवढंच विचारा. सलग काही वेळा उत्तर ‘नाही’ आलं तर खेळ थांबवा. ट्रॅकवर ब्रेक कधी दाबायचा ते मूल शिकेल. घरात तो कधी दाबायचा, हे पालकांना कळलं पाहिजे.